दोन्ही बाह्या डाव्या

सोमवार, ३ फेब्रुवारी

दोन्ही बाह्या डाव्या!

उभं आयुष्य कात्री हातात धरून काढलं, आणि आज कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. तेही गिऱ्हाइकाच्या कापडात. कोट 'उतरत्या खांद्या'चा. म्हणजे गणिताचे सर. वर्षानुवर्षं एकाच खांद्यावर पिशवी अडकवून त्यांचा उजवा खांदा बोटभर खाली आलाय. आमच्या दुकानात गिऱ्हाईक नावानं ओळखलं जात नाही, अंगानं ओळखलं जातं.

कापड कमी होतं. भरपूर असलं की दुमडून कापायचं, बाह्यांची जोडी आपोआप निघते. कमी असलं की एकेरी कापावं लागतं. एक बाही कापून झाली की बाहीचा कागद पालटायचा, पालथा करायचा, आणि मग दुसरी कापायची. शिकायला आलेल्याला पहिल्या आठवड्यात सांगतात ते हे. आणि आमच्याकडे तर त्यावर पहारासुद्धा आहे. ही. शिलाई मशिनवरून मान वर न करता विचारते, "पालटलंत?" मी म्हणतो, "पालटलं!" मगच कात्री चालते. लग्न झाल्यापासूनची रीत. बाकीची जोडपी एकमेकांना काय काय म्हणत असतील, आम्ही हे म्हणतो.

आजही तिनं विचारलं. आजही मी "पालटलं" म्हणालो. पालटलं नव्हतं. आणि मी खोटं बोललो नाही, मला खरंच वाटत होतं की पालटलंय! चूक झाली त्याचं एवढं नाही. हे जे "वाटत होतं", त्याची भीती वाटते.

ही वही लेकीनं वाढदिवसाला दिली होती. आज उघडली. माणसाशी बोलवत नाही म्हणून कागदाशी.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

हिनं फितुरी केली. लेकीला फोन! लेक संध्याकाळी ऑफिसातून थेट दुकानात, आणि उभ्या उभ्या माझं माप काढलं.

"बाबा, परवा एकच गोष्ट तुम्ही मला दोनदा सांगितलीत."

म्हटलं, गोष्ट चांगली होती.

"बटणवाल्याकडे गेलात, तासभर गप्पा मारल्यात आणि बटणं न घेता परत आलात."

म्हटलं, ते मी तरुणपणीही करायचो.

"आणि उठताना कपाटाला धरता. बसल्या बसल्या डोळे मिटतात."

ही मशिनचं तेल पुसत राहिली, माझ्याकडे बघेना. शेवटी ठरलं (म्हणजे त्या दोघींनी ठरवलं) की डॉक्टरांना दाखवेपर्यंत मी कापायचं नाही. मोठी कात्री कपाटात, किल्ली हिच्याकडे. आरोपीसारखा उभा होतो. जेवलो नाही. मग भूक लागली म्हणून जेवलो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सर आले. सांगणं भाग होतं. मान खाली घालून सांगितलं.

सरांनी एक बाही उजव्या हातात चढवली, आरशात बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे शाळेतल्या निरोपाच्या दिवशी मला उजव्या बाजूच्या लोकांशी बोलताच येणार नाही. बरंच आहे, मुख्याध्यापक त्याच बाजूला बसतात." मग मला म्हणाले, "कापड मी बघतो. कार्यक्रमाला अवकाश आहे. कोट तुमच्याच हातचा हवा."

दुसऱ्या शिंप्याकडे गेले असते तर मी वाईट मानलं नसतं. देव त्यांचा खांदा सांभाळो.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

दिवसभर पँटी आखूड केल्या. शर्टाचं बटण ज्यातून जातं त्या भोकाला काय म्हणतात? दिवसभर आठवलं नाही. मी! हिला विचारायची लाज वाटली.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

विसरण्याच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. कॉलर इतकी घट्ट की बाईंचा श्वास कसा चालतो कोण जाणे. पण स्वभाव सैल. बसा म्हणाल्या, चहा झाला का विचारलं, आणि हळूच परीक्षा सुरू केली. पाच शब्द सांगितले, लक्षात ठेवा म्हणाल्या. मग घड्याळ काढायला लावलं. घड्याळ मी झकास काढलं, गोल तर कंपासनं काढावा तसा. आकडे टाकताना मात्र जागा पुरेना. सहापर्यंतच गोल भरला! मग शब्द विचारले. लिंबू आठवलं. दोरी आठवली. बाकीचे हवेत.

लेकीचा चेहरा पडला. मी बाईंच्या कॉलरकडे बघत राहिलो.

"चक्कर येते का?"

"नाही," मी म्हणालो. "येते," ही म्हणाली. दोघं एकदमच.

बाईंनी मनगट धरलं. घड्याळात बघितलं. पुन्हा धरलं. "तुमची नाडी फारच सावकाश चालली आहे," म्हणाल्या. म्हटलं, आता घाई कुठे जायची आहे? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, विसरण्याची कारणं खूप असतात. पण हृदय नीट चालत नसेल, डोक्याला पुरेसं रक्त पोचत नसेल, तर डोकं मंदावतं, माणूस विसरायला लागतो. तुमचं तसं असेल तर त्यावर उपाय आहे. "डोक्याचं नंतर बघू. आधी छाती दाखवा."

हृदयाचा आणि आठवणींचा संबंध मला गाण्यांपुरताच ठाऊक होता. हृदयात जपून ठेवतात वगैरे. हे भलतंच निघालं!

निघताना ही बाईंना म्हणाली, "विसरायला काय, मलापण हल्ली भाजीत मीठ घातलं की नाही ते आठवत नाही." सगळे हसलो. बाई म्हणाल्या, तुम्हीही एकदा तपासून घ्या. ही म्हणाली, "आधी यांचं होऊ द्या."

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

हृदयाचे डॉक्टर. कोटाची बाही आखूड, शर्टाचा कफ पूर्ण बाहेर. म्हणून 'आखूड बाही'. छातीला तारा चिकटवल्या, कमरेला डबी बांधली, दिवसभर असंच हिंडा म्हणाले. हिंडलो. बटणवाला म्हणाला, "रेडिओ लावलाय का? बातम्या काय म्हणतात?"

दुकान ते घर दोन मजले. मी कठडा धरून चढलो. ही मधल्या वळणावर थांबली, पिशवी जड आहे म्हणाली. पिशवीत कोथिंबीर होती. मी म्हटलं, आता कोथिंबीरसुद्धा जड व्हायला लागली का? म्हणाली, "तुमच्या डबीकडे लक्ष द्या."

बुधवार, २६ फेब्रुवारी

डबीनं चहाडी केली. माझं हृदय सावकाश तर चालतंच, पण मधेच थांबतं म्हणे. थांबतं! आणि घरमालकाला पत्ता नाही.

आखूड बाहीनं मला समजेल असं सांगितलं. इमारतीचा पंप अशक्त झाला की वरच्या मजल्याला पाणी चढत नाही. खालच्यांना वाटतं सगळं ठीक आहे, वरचे मात्र नळाखाली बादली लावून बसलेले. माझं डोकं वरच्या मजल्यावर. पंपाला मदत म्हणून पेसमेकर बसवायचा, खांद्याखाली, कातडीच्या आत.

एकच विचारलं. "कात्री धरता येईल?"

म्हणाले, "हात चालेल, त्याची काळजी नको. डोक्याचं मी आत्ताच वचन देणार नाही. रक्त न पोचल्यामुळे जे मंदावलंय ते परत येईल. जे गेलंच असेल ते नाही येणार. किती मंदावलंय आणि किती गेलंय, ते बसवल्यावरच कळेल."

खरं बोलले म्हणून बरं वाटलं. पण घरी येताना एकच घोकत होतो. 'पालटलं' म्हणण्याआधी पालटलेलं असावं. बाकी काही परत नाही आलं तरी चालेल.

मंगळवार, ४ मार्च

उद्या. भीती वाटते. इथे लिहितो, तोंडानं म्हणणार नाही.

दाखल व्हायला गेलो तर ही दवाखान्याच्या लिफ्टमध्ये सारखी विचारत होती, "कितव्या मजल्यावर?" लेकीनं सांगितलं. पुन्हा विचारलं. लेकीनं पुन्हा सांगितलं. बिचारी! माझ्यापेक्षा हीच जास्त घाबरलेली.

शनिवार, ८ मार्च

घरी!

खांद्याखाली टाके. परिचारिकेनं पट्टी बदलली तेव्हा मान वळवून बघून घेतले. सुबक काम आहे, एकसारखं अंतर. तिला म्हटलं, डॉक्टरांना सांगा, शिंपी खूश आहे. ती म्हणाली, असं सर्टिफिकेट त्यांना आजवर कुणी दिलं नसेल.

डावा हात काही दिवस खांद्याच्या वर न्यायचा नाही. सर भेटायला आले, म्हणाले, "दोन डाव्या बाह्या कापल्यात, आता एकही डावा हात नाही. हिशेब बरोबर." हसलो तर टाके दुखले.

आज सकाळी उठलो आणि कपाटाला न धरता उभा राहिलो. उभा राहिल्यावर लक्षात आलं. कपाट तिथेच होतं, मी इथे. खोली फिरली नाही. किती महिने मी खोलीला फिरताना बघत होतो आणि म्हातारपण म्हणून सोडून देत होतो.

लेक चार रात्री दवाखान्यातल्या खुर्चीत झोपली. जावई ऑफिस सांभाळून डबे पोचवत होता, आणि डब्यावर चिठ्ठ्या चिकटवायचा, 'मीठ कमी आहे, प्रेम समजून घ्या'. पोरगा वात्रट आहे. मला आधी वाटायचं, लेकीनं जरा गंभीर माणूस बघायला हवा होता. बरं झालं माझं ऐकलं नाही.

आणि ही. हिच्याबद्दल काय लिहू! दुकान, घर, दवाखाना. एका शब्दानं कुरकुर नाही. फक्त चपलांची. म्हणते चपला आटल्या. म्हटलं, कापड आटतं, मीही आटलो, चपला आटलेल्या ऐकल्या नाहीत. म्हणाली, मग पाय वाढले असतील. नव्या आणायला हव्यात, एक माप मोठ्या.

सोमवार, १७ मार्च

काज!!

दाढी करताना आठवलं. बटण जातं ते काज. साबण लावलेल्या तोंडानं बाहेर येऊन मोठ्यानं म्हणालो, "काज!" ही म्हणाली, "हो, मग?" तिला काय कळणार. मी अर्धी दाढी तशीच ठेवून तिला जवळ घेतलं. तिच्या गालाला फेस लागला. "वेड लागलंय," म्हणाली, पण पुसला नाही लगेच.

रविवार, २३ मार्च

शब्द परत येताहेत. पाहुणे यावेत तसे, एकेक, चपला काढून. काल बटणवाल्याच्या थोरल्या भावाचं नाव. आज आमच्या पहिल्या भाड्याच्या खोलीच्या भिंतीचा रंग. फिकट हिरवा, खिडकीखाली पोपडा. तिथेच पहिलं मशिन ठेवलं होतं आणि ही दिवसभर पोपड्याकडे बघत शिवायची. हिला म्हटलं, आठवतो का तो पोपडा? म्हणाली, "कुठला?" म्हटलं, पेसमेकर मला बसवलाय, आठवणी काय सगळ्यांच्या मीच सांभाळू? हसली.

परत येत नाही असंही बरंच आहे. गेल्या दिवाळीपासूनचं... नाही, गेल्या वर्षातलं पुष्कळसं धुकं आहे. असू दे. जे आलं तेही येणार नव्हतं.

शुक्रवार, ४ एप्रिल

घट्ट कॉलरबाईंकडे पुन्हा परीक्षा. पाच शब्दांतले चार! घड्याळाचे बाराही आकडे जागेवर. बाई स्वतः उठून उभ्या राहिल्या. पाचवा शब्द नाहीच आला. त्या म्हणाल्या, एखादा राहू द्यावा. नाडी, रक्तदाब, रोजचं चालणं हे सांभाळत राहा, हृदयाला जे मानवतं तेच डोक्यालाही मानवतं. लेक बाहेर जाऊन रडून आली, आणि डोळ्यात कचरा गेला म्हणाली. त्या दवाखान्यात कचऱ्याचा कणही नाही.

मी रस्त्यानं येताना मुकाट्यानं आभार मानत होतो. बाईंचे, आखूड बाहीचे, छातीतल्या डबीचे, सरांच्या कापडाचेसुद्धा. ते कापड कमी भरलं नसतं तर मी दुमडून कापलं असतं, जोडी बरोबर निघाली असती आणि कुणाला काही कळलं नसतं. हृदय एक दिवस थांबलं असतं ते थांबलंच असतं. त्या दोन डाव्या बाह्यांनी मला वाचवलं! त्या मी फेकल्या नाहीत. मशिनशेजारी खिळ्याला अडकवल्यात.

शनिवार, १९ एप्रिल

कात्री परत मिळाली. पण काय नाटक! कपाटाची किल्ली हिनं इतकी जपून ठेवली की स्वतःलाच सापडेना. देव्हारा, सगळी फडताळं, सगळे डबे, गादीखाली, सगळीकडे शोधलं. ही रडवेली झाली. शेवटी साखरेच्या डब्यात सापडली. म्हटलं, माझ्यापासून लपवायला सांगितली होती, तुझ्यापासून नव्हे. या वेळी हसली नाही. बसून राहिली जरा वेळ, दम लागला होता. हल्ली तीन उशा घेऊन झोपते, महाराणी. आडवं झालं की गुदमरतं म्हणते.

कात्री हातात घेतली. तिचं वजन होतं तेवढंच आहे.

मंगळवार, २२ एप्रिल

सरांचा कोट. नवं कापड, पुन्हा कमीच. एकेरी.

पहिली बाही कापली. कागद पालटला. कात्री उचलली आणि थांबलो, तिच्या विचारण्यासाठी. मशिन बंद होतं. ही सुईकडे बघत बसली होती.

शेवटी मीच म्हणालो, "पालटलं!"

ती म्हणाली, "काय पालटलं?"

थट्टा नव्हती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग पायांकडे. दोन्ही पावलं सुजलेली, चपलेचा पट्टा मांसात रुतलेला. चपला आटल्या नव्हत्या. जिना, उशा, किल्ली. सगळं मीच या वहीत लिहिलंय, हसत हसत.

कात्री खाली ठेवली. आखूड बाहीच्या दवाखान्यात फोन लावला. म्हटलं, उद्या माझी तपासणी आहे, ती माझ्या बायकोच्या नावावर करा. माझं नंतर बघू, आधी तिचं. तिकडच्या बाई म्हणाल्या, म्हणजे नाव बदलायचं का?

"हो," मी म्हणालो. "पालटा."

आणि मशिनवरून, मान वर न करता, हिनं विचारलं, "पालटलंत?"